कॅरिगदूची दहावी चूल

नाब्लाने राखेत मनगटापर्यंत हात घातला. राख गार होती. वाटाण्याएवढा का होईना, एखादा निखारा तळाशी तग धरून असेल म्हणून तिने बोटांनी दगडापर्यंत चाचपून पाहिलं. दगडात नावापुरतीच ऊब उरली होती.

हिशेब सोपा होता. रोज संध्याकाळी ती तीन मोठे निखारे चुलीच्या मध्यावर ओढायची, वर राखेचा ढीग रचायची, चिमट्याने थोपटायची आणि देवाचं नाव घ्यायची. असा पुरलेला विस्तव सकाळपर्यंत जगतो. काल ती निखारे ओढायला वाकली आणि नेमका शेजारचा फेलिम दारात उभा राहिला. "मावशी, सोरखाच्या पोटात दुखायला लागलंय." ती चिमटा तिथेच टाकून निघाली. फेलिमची बायको पहिलटकरीण, त्यात मूल पायाळू. मुलगी जन्मली तेव्हा डोंगरामागे फटफटलं होतं. उघडा विस्तव सहा-सात तासांत जळून संपतो, आणि नाब्ला बाहेर होती अकरा तास.

एरवी यात काही विशेष नव्हतं. लोखंडी भांडं उचलायचं, शेजारी जाऊन एक निखारा मागायचा, दूध काढायच्या आत चूल पेटवायची. पण आज मे महिन्याची पहिली तारीख होती. त्या एका दिवशी कॅरिगदूच्या कुठल्याही घरातून विस्तव, दूध नि मीठ बाहेर जात नसे. गेलं तर त्याच्यामागोमाग वर्षभराची बरकत जाते, लोणी येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गावातल्याच उनाच्या आईने एकदा याच दिवशी वाटसरूला चिलमीपुरता निखारा दिला होता आणि पुढच्या कापणीपर्यंत तिच्या तीन गाई आटल्या. त्या का आटल्या हे कोणी विचारलं नाही. केव्हा आटल्या, ते मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

आणि आजच मोजणी होती.

जमीनदाराच्या कारभाऱ्याने ईस्टरच्या रविवारी चर्चच्या दारात नियम वाचून दाखवला होता. ज्या वस्तीत मोजणीच्या दिवशी दहा पेटत्या चुली सापडतील ती आहे तशी राहील, कारण दहा आणि त्यावर घरं हलवायचा खर्च मालकाला परवडत नव्हता. दहाच्या खाली सापडल्या, तर घरं पाडायची, सगळ्यांची सामाईक जमीन डोंगरापासून समुद्रापर्यंत सरळ पट्ट्यांत कापायची आणि प्रत्येकाने आपापल्या पट्टीवर नवं घर बांधायचं. शेजारच्या खाडीवरचं गाव गेल्या वर्षी असंच मोडलं. तिथला एक म्हातारा हिवाळ्यात आपल्या पट्टीवर एकटाच मेला आणि आठव्या दिवशी सापडला, तोही कुत्र्याने भुंकून बोलावलं म्हणून.

कॅरिगदूत घरं दहा होती. एक जास्त नाही, एक कमी नाही.

नाब्ला हात न धुताच रुआरीकडे निघाली.

रुआरी हा गावचा राजा. राजा म्हणजे काय, तर भांडणं मिटवायची आणि दर तीन वर्षांनी शेतांच्या चिठ्ठ्या काढायच्या वेळी टोपी धरायची. प्रत्येक चुलीची एक खूण टोपीत पडे. कोणाचा शिंपला, कोणाचं बटण, नाब्लाचा पांढरा गारगोटा. ज्या क्रमाने खुणा निघतील त्या क्रमाने शेतं वाट्याला यायची. मुकुट नव्हता, पण सगळ्या गावात सगळ्यांत जास्त शिव्या खायचा मान त्याचा होता.

तो उकडलेले बटाटे ताकात बुडवून खात बसला होता.

"रुआरी, माझा विस्तव गेला."

"गेला म्हणजे?"

"मेला."

रुआरीने हातातला बटाटा खाली ठेवला. "आज कुठली तारीख आहे ते माहीत आहे ना तुला?"

"तारीख बघून बाळंतपणं येत नाहीत."

थोड्या वेळात रुआरीच्या अंगणात प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी जमलं. घरं इतकी चिकटून होती की बातमी सांगायला जावं लागत नसे. भिंतीशी बोललं तरी पलीकडे पोचे.

"दुसऱ्यांची पोरं जगात आणत फिरते," उना म्हणाली, "आणि स्वतःची चूल विझवून बसते."

"तुझी चारही तिनेच आणली," रुआरी म्हणाला. "मग दे ना तू एक निखारा."

"मी? माझ्या आईचं काय झालं ते विसरलास? आणि तू राजा ना? राजाने द्यावा."

"माझी एकच गाय आहे. ती आटली तर मुलांना काय माझं दूध पाजू?"

दोघंतिघं हसले. मग हसू एकदम थांबलं आणि कोणी कोणाकडे बघेना.

एकाने चकमकीचं नाव काढलं. चकमक गावात दोन घरांत होती. पण विस्तव घराबाहेर गेला काय आणि विस्तवाचं पोलाद गेलं काय, त्यात फरक कोणाला सापडेना. दुसऱ्याने विचारलं, मोजणी उद्यावर नाही का ढकलता येणार? नाही, मोजणीवाला आज संध्याकाळच्या भरतीला होडीने पुढच्या खाडीत जाणार होता आणि आजचा आकडा कायमचा होता. तिसरा म्हणाला, नुसता धूर दाखवू. त्यावर उनाने विचारलं, विस्तवाशिवाय धूर काढायची युक्ती येत असेल तर आधी तीच शिकव, जळणाच्या ढेपा तरी वाचतील.

इतक्यात टाइग आला. फेलिमचा बाप, पहाटे आजोबा झालेला. त्याच्या एका खोलीत आता नऊ माणसं झाली होती आणि त्याचा डोळा नाब्लाच्या घरावर फार दिवसांपासून होता. बायको वारल्यावर एकदा लग्नाची मागणी घालून आणि दोनदा भांडून त्याने ते मिळवायचा प्रयत्न केला होता.

"विस्तव देता येत नाही," टाइग म्हणाला. "बरोबर. पण माणूस घर बदलतो तेव्हा आपला विस्तव बरोबर नेतो. त्याला कोणी देणं म्हणत नाही."

हे खरं होतं.

"माझा फेलिम आजपासून वेगळा राहील. नाब्लाच्या घरात. आपला विस्तव घेऊन जाईल, बरकत त्याच्या मागोमाग जाईल. म्हणजे घरातल्या घरातच."

"आणि मी कुठे जाऊ?" नाब्लाने विचारलं.

"तू कशाला जातेस? कोपऱ्यातली खाट तुझीच. फक्त मोजणीवाल्याच्या वहीत नाव फेलिमचं लागेल. एका चुलीला दोन मालक नसतात."

"म्हणजे टोपीत खूणही त्याचीच."

"चूल ज्याची, खूण त्याची. हा काही मी काढलेला नियम नाही, नाब्ला."

नाब्लाने रुआरीकडे पाहिलं. रुआरी जमिनीकडे पाहत होता. तिने मनात मांडणी करून बघितली. नाही म्हटलं तर दहाही घरं पडणार, त्यात तिचं आलंच. हो म्हटलं तर नऊ घरांचं काहीच जात नाही, जातं ते फक्त तिचं. आजी गेली ते घर, ती स्वतः जन्मली ते घर. उद्यापासून तिथे ती पाहुणी. उत्तर इतकं उघड होतं की त्याचाच तिला जास्त राग आला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "रुआरीसमोर शब्द देते. आज जे कोणी माझ्या उंबऱ्याच्या आत विस्तव आणेल, घर त्याचं."

टाइगने मान डोलवायला क्षणही घेतला नाही. रुआरीने दोघांचे हात एकमेकांत दिले आणि वर आपला ठेवला. टाइगचा हात कोरडा होता. तिच्या हाताला अजून राख होती.

त्याच वेळी ओढ्यापलीकडे कुत्री भुंकली. काळा कोट घातलेला एक माणूस खांद्यावर मोजणीची साखळी टाकून दगडादगडांवरून ओढा ओलांडत होता.

"दोन तास लवकर आला," रुआरी म्हणाला. "मेलो!"

मोजणीदाराचं नाव मॅकअस्किल. तिशीचा, चष्मेवाला, समुद्रापलीकडच्या स्कॉटलंडच्या बेटांवरचा. त्याची भाषा त्यांच्या भाषेची चुलत बहीण. जरा हळू बोललं की दुभाष्याची गरज पडत नव्हती. तो वरच्या टोकापासून सुरू करणार होता. रुआरीचं घर पहिलं, उनाचं आठवं, टाइगचं नववं, नाब्लाचं दहावं. टाइगच्या दारापासून नाब्लाच्या दारापर्यंत वीस पावलं, मधे एक बोळ. तो उनाच्या घराबाहेर पडायच्या आत विस्तव त्या बोळातून जायला हवा होता आणि दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या ढेपांनी पेट घ्यायला हवा होता. फेलिम धावतच घराकडे गेला.

नाब्ला मोजणीदाराच्या मागे राहिली. त्याची रीत तिला पहिल्याच घरात कळली. तो आत जाई, विस्तवाकडे एकदा बघे, मग खाली बसून चुलीच्या दगडाच्या अगदी कडेला, ज्वाळेपासून हातभर लांब, तळवा टेकवी. तो मनातल्या मनात वीसपर्यंत मोजे आणि मग लिही.

"दगडाला कशाला हात लावता, साहेब?" रुआरीने शक्य तितक्या सहज विचारलं.

"विस्तव खोटं बोलू शकतो," मॅकअस्किल म्हणाला. "परवा एका वस्तीत रिकाम्या घरात मी यायच्या आधी घाईघाईने आग पेटवली होती. ज्वाळा मोठी होती, पण दगडाची कड बर्फासारखी. इथपर्यंत ऊब पोचायला दोन दिवस लागतात. ते घर मी खोडलं."

रुआरी हसला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

दुसरं घर. तिसरं. प्रत्येक ठिकाणी तळवा, वीस आकडे, पेन्सिलची एक रेघ. नाब्ला चालता चालता गुणाकार करत होती. एका घराला चार मिनिटं, म्हणजे उनाच्या घरापर्यंत उरलेल्या पाच घरांना वीस. ढेपा पेटायला किमान तेवढीच. आणि दगडाचं काय, त्याला तर उत्तरच नव्हतं. पण आता मागे फिरायची सोय नव्हती. निदान आग तरी दिसू दे, मग पुढचं पुढे.

उनाच्या घरातून तो बाहेर पडला तेव्हा टाइगच्या घराचं दार अजून बंदच होतं. बोळ रिकामा.

नाब्ला त्याच्या समोर येऊन उभी राहिली, अशी की बोळाकडे त्याची पाठ व्हावी.

"साहेब, त्या दुसऱ्या वहीत काय लिहिता हो? मघापासून बघतेय, एक वही आकड्यांची आणि एक लहान."

तो जरा लाजला. "शब्द. हौस आहे म्हणा. लोक आपल्या राहत्या जागांना काय काय म्हणतात ते. इंग्रजी कागदावर गाव आणि शहर एवढे दोनच रकाने आहेत. तुम्ही या जागेला काय म्हणता?"

"बाल्ये."

"किती घरं झाली की बाल्ये?"

"घरं मोजून बाल्ये होत नाही. एकच घर असलं तरी त्याची वाट, त्याची विहीर, त्याचं रान मिळून बाल्ये. मी माझं बाल्ये म्हटलं, की मी जिथली आहे ती सगळी जागा आली."

त्याने लिहिलं. त्याचं अक्षर बारीक आणि सावकाश होतं, देव त्याचं भलं करो. "आणि ही अशी एकमेकांना टेकलेली घरं?"

"त्याला क्लोखान. दगडांची रास म्हणा. पण नुसती जवळ असून भागत नाही. एका घरात शिंक आली की दुसऱ्या घरातून 'देव सोबत असो' असं कोणीतरी म्हटलेलं ऐकू आलं पाहिजे. तेवढ्या अंतरात बसतं ते क्लोखान. त्याच्या पलीकडे नुसती घरं."

"शिंकेचं अंतर," तो हसून म्हणाला. "हे माप माझ्या साखळीत नाही."

तेवढ्यात त्याच्या खांद्यावरून नाब्लाला टाइगचं दार उघडताना दिसलं. बाहेर फेलिम आला, पण त्याच्या हातात विस्तव नव्हता. त्याच्या काखेत पाळणा होता. आणि त्याच्या मागून, एका हाताने भिंत धरत आणि दुसऱ्या हातात लोखंडी भांडं घेऊन सोरखा आली.

नाब्लाच्या तोंडून शब्द निघता निघता राहिला. पहाटेच या मुलीच्या अंगाखालच्या चार चादरी तिने बदलल्या होत्या. चर्चमध्ये आशीर्वाद मिळेपर्यंत बाळंतिणीने उंबरा ओलांडू नये असा रिवाज होता, पण सुईण म्हणून नाब्लाला रिवाजाची फिकीर नव्हती. तिला रक्ताची होती. ओरडून थांबवावं, तर मोजणीदार मागे वळेल. आणि न थांबवावं तर?

सोरखा तीन पावलं चालली, थांबली, भिंतीला टेकली. दारात टाइग उभा होता. त्याचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मोजणीदार हाकेच्या आत होता, त्यामुळे त्यालाही ओरडता येत नव्हतं. नव्या घरात विस्तव बाईने न्यायचा असतो, हे त्यालाही माहीत होतं. फक्त आजची बाई पहाटेच बाळंत झालेली, म्हणून त्याने तिला हिशेबातच धरलं नव्हतं.

"बाई?" मॅकअस्किल म्हणाला. "बरं वाटत नाही का?"

"मला? छे. पुढचा शब्द घ्या ना. स्रादवाल्ये. लिहिलात?"

"ते म्हणजे रस्त्यावरचं गाव ना?"

"रस्ता असतो, चर्च असतं, दुकान, पोलीस. तिथली घरं एकमेकांकडे बघत नाहीत, सगळी रस्त्याकडे तोंड करून बसतात." पाच पावलं. सहा. सोरखाच्या हातातलं भांडं हेलकावलं, थोडी राख सांडली. "मग बूअल्ये. उन्हाळ्यात मुली गाई घेऊन डोंगरावर जातात, तिथल्या झोपड्या. हिवाळ्यात तिथे कोणी नसतं."

"त्याला वस्ती म्हणायचं?"

"उन्हाळ्यात म्हणायचं." अकरा. बारा. पुन्हा भिंत. आता सोरखाचे डोळे मिटले होते. नाब्लाने तिच्याबरोबर श्वास रोखला. पहाटे कळ आली की ती जसा रोखायला सांगत होती, तसा. तेरा.

"आणखी एक विचारतो," मॅकअस्किल म्हणाला. "माणसं निघून गेली, की त्या जागेला काय म्हणता?"

"शानवाल्ये. जुनं गाव. भिंती असतात, नावही असतं. हाक मारायला कोणी नसतं."

त्याने पेन्सिल टेकवली, पण लिहिलं नाही. "आमच्याकडे त्याला वेगळा शब्द आहे. मी असल्याच क्लोखानात जन्मलो. आता तिथे मेंढ्या आहेत."

"मग दुसऱ्यांची घरं मोजत कशाला फिरता?"

रुआरीने मागून तिला कोपर मारलं. पण मॅकअस्किलला राग आला नव्हता.

"कारण मोजता येतं मला," तो म्हणाला. "आणि मी नाही मोजली, तर कोणीतरी खिडकीतून बघून मोजेल."

त्याने लहान वही खिशात टाकली आणि वळला. बोळ रिकामा होता. जमिनीवर राखेची एक बारीक रेघ तेवढी होती. तो ती ओलांडून टाइगच्या घरात शिरला.

टाइगचा दगड चांगलाच तापलेला होता. वीस आकडे, एक रेघ. नऊ.

दहाव्या घरात धूर छताकडे न जाता खोलीभर साचला होता. गार चुलीवर नवी आग पेटवली की असंच होतं. चार ढेपा उभ्या करून मधे निखारे ठेवले होते आणि एका ढेपेची कड नुकती लाल झाली होती. फेलिम गुडघ्यांवर बसून टोपीने वारा घालत होता. खाटेवर सोरखा पडून होती, ओठ पांढरे. जमिनीवर पाळणा होता आणि बाळाला नजर लागू नये म्हणून त्यावर आडवा ठेवलेला चिमटा.

नाब्ला मोजणीदाराला ओलांडून सरळ खाटेकडे गेली. तिने सोरखाची नाडी धरली, चादरीखाली हात घालून पाहिलं. रक्त फारसं नव्हतं. तिने चादर पुन्हा नीट पांघरली.

"मूर्ख मुली," ती कुजबुजली. "तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही, मावशी. तिकडे आम्ही नऊ झालो होतो."

मॅकअस्किल खाली बसला. त्याने दगडाच्या कडेवर तळवा टेकवला. दाराबाहेर अख्खं गाव उभं होतं आणि कोणी हलत नव्हतं. वीस आकडे संपले. त्याने हात उचलला नाही.

"हा दगड थंड आहे," तो म्हणाला.

रुआरीने काहीतरी बोलायला सुरुवात केली. नाब्ला त्याला थांबवून पुढे आली. थापा मारायला तिच्यात त्राणच उरलं नव्हतं.

"थंडच असणार. काल संध्याकाळी ही बाळंत व्हायला लागली, मी तिच्याकडे गेले, माझा विस्तव मेला. आज पहिली तारीख, आज कोणी देत नाही. म्हणून ही आपला विस्तव घेऊन इथे राहायला आली."

"राहायला?" त्याने विचारलं. "की मला दाखवायला?"

पाळण्यातलं मूल जागं होऊन रडू लागलं. बारीक, चिरका, अगदी नव्या गळ्याचा आवाज. मॅकअस्किलने पाळण्याकडे पाहिलं, मग खाटेवरच्या चादरीकडे, मग दाराबाहेरच्या राखेच्या रेघेकडे.

"आमच्या बेटावरही या दिवशी विस्तव देत नसत," तो म्हणाला. "माझी आई तर चिलीमसुद्धा दाराबाहेर नेऊ देत नसे." तो उठला, बोळ ओलांडून टाइगच्या घरात गेला आणि तिथल्या दगडाला पुन्हा हात लावून परत आला. "विस्तव तिथला?"

"तिथला," सोरखा म्हणाली. "पण माझा. मी त्या घरातली होते, आता इथली."

"दगड थंड आहे, पण विस्तव जुना आहे," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "आणि दाखवण्यापुरतं कोणी बाळंत होत नाही." त्याने मोठी वही उघडली. "नाव सांगा. या चुलीचा मालक कोण?"

टाइग गर्दीतून वाट काढत उंबऱ्यापर्यंत आला. "फेलिम! फेलिम टाइग—"

"विस्तव मी आणला, मामंजी," सोरखाने मान न वळवता म्हटलं. "आणि शब्द असा होता, की जे कोणी आणेल, घर त्याचं. रुआरीबाबा, होता की नाही?"

रुआरीने खोकून घसा साफ केला. "होता. दोघांचे हात माझ्या हाताखाली होते."

"मग घर माझं. आणि माझ्या घराला मी हवं ते नाव देईन." ती थांबली, बोलायला तिला दम लागत होता. "लिहा, मालकीण नाब्ला. आम्ही तिच्याकडे राहतो."

टाइगने मुलाकडे पाहिलं. फेलिम टोपीने वारा घालत राहिला. त्याचे कान लाल झाले होते, पण डोळे त्याने ढेपांवरून हलवले नाहीत.

पेन्सिल कागदावर फिरली. दहा.

मोजणीदाराने वही मिटली. जाता जाता दारात थांबून पुन्हा उघडली, छापील रकान्यातला एक शब्द खोडला आणि बाजूला बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते त्याने कोणाला दाखवलं नाही, आणि वाचता येणारं तिथे कोणी नव्हतं. भरतीच्या वेळी त्याची होडी सुटलेली उनाने पाहिली.

संध्याकाळी नाब्ला विस्तव पुरायला बसली. सोरखा खाटेवरून बघत होती.

"आमच्याकडे चार निखारे घेतात, मावशी."

"इथे तीन."

"चौथा मेला तरी तीन उरतात."

नाब्लाने थोडा विचार केला आणि चौथा निखारा ओढला. राख वर टाकताना तिने दगडाच्या कडेला हात लावून पाहिला. अजून गारच होता. राख नाकात गेली आणि तिला सणसणीत शिंक आली.

बोळापलीकडे टाइगच्या घरातलं दुपारपासून कोणी तिच्याशी बोललं नव्हतं. नाब्ला हात तसाच धरून थांबली. फेलिमही थांबला.

मग भिंतीपलीकडून, दात आवळून बोलल्यासारखा, टाइगचा आवाज आला.

"देव सोबत असो."